एल्डन रिंग: मार्गिटच्या पुलावर पाय ठेवण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

एल्डन रिंग घेऊन आठवडाभरात बंद करून टाकलेला माणूस शोधायला पुण्यात फार फिरावं लागत नाही. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये भेटतो, कर्वेनगरच्या हॉस्टेलवर भेटतो, तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेतही भेटतो. आणि बहुतेक सगळे अडकलेले असतात एकाच जागी: स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या वाटेवर उभा असलेला मार्गिट हा बॉस. "आपल्याच्याने नाही होणार" म्हणतात आणि गेम उडवून टाकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचा हात बरा असतो. चुकलेला असतो तो क्रम.

चूक होते कशी, ते आधी पाहू. जमिनीवर सोनेरी प्रकाशाचे थांबे असतात, त्यांना ग्रेस म्हणतात. सुरुवातीच्या ग्रेसमधून एक सोनेरी झोत निघतो आणि किल्ल्याकडे बोट दाखवतो. लोक त्याला हुकूम समजून सरळ निघतात आणि दहा-बारा लेव्हलला, कोऱ्या तलवारीने मार्गिटसमोर उभे राहतात. तो झोत फक्त दिशा सांगतो. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाचा बाकीचा भाग आणि त्याच्या दक्षिणेचा वीपिंग पेनिन्सुला हे दोन्ही प्रदेश आधी फिरून घ्यायचे असतात. या गेममध्ये इझी-हार्ड असा पर्याय नाही. तुम्ही किती तयारी करून जाता, तीच तुमची पातळी.

## टप्पा १: मशीन, स्क्रीन आणि वीज

पीसीवर किमान १२ जीबी रॅम, ३ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा त्याच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि ६० जीबी मोकळी जागा लागते. गेम ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही, त्यामुळे महागडं कार्ड नसलं तरी बिघडत नाही. पण ४० आणि ६० च्या मध्ये सारखं हेलकावणारं चित्र लढाईत घातक ठरतं. सावल्या आणि गवताची क्वालिटी कमी करा, पण फ्रेम्स स्थिर ठेवा. एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो आणि तुमचा रोल, म्हणजे लोळून वार चुकवणं, उशिरा पडतो.

हॉलमधल्या टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. तो बंद असला की बटण दाबणं आणि पात्र हलणं यांत जाणवेल इतका फरक पडतो. ब्लूटूथ इयरफोनवर आवाज मागे राहतो, म्हणून वायरवाला वापरा. कीबोर्ड-माउसवर खेळता येतं, पण नवख्या माणसाने पॅडच घ्यावा.

गेमला सरळ पॉज नाही. मेन्यू उघडला तरी समोरचा शत्रू मारत राहतो. दारावर कुणी आलं तर मेन्यूतून क्विट गेम करा. परत आल्यावर जवळपास त्याच जागी उभे असाल.

सावध: पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे डोक्यात ठेवूनच वेळ ठरवा. गेम स्वतःच सेव्ह करत असतो, आणि नेमकं त्या क्षणी मशीन बंद पडलं तर फाइल खराब होऊ शकते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असला तरी क्विट करण्यापुरती मिनिटं मिळतात. पीसीवर अ‍ॅपडेटामधल्या रोमिंग फोल्डरात एल्डनरिंग नावाचं फोल्डर असतं. त्याची अधूनमधून पेनड्राइव्हवर कॉपी काढा. कॅफेत खेळणाऱ्यांनी स्वतःच्याच खात्यातून लॉगिन करावं, कारण सेव्ह त्या खात्याशी बांधलेला असतो.

## टप्पा २: पात्र निवडणं

दहा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. पहिल्यांदाच खेळत असाल तर दोनांतून एक निवडा. व्हॅगाबॉन्डकडे चिलखत असतं आणि साध्या वारांचं सगळं नुकसान अडवणारी ढाल असते. सामुराईकडे उचिगाताना ही तलवार आणि धनुष्य. अ‍ॅस्ट्रॉलॉजर लांबून जादू फेकतो म्हणून सोपा वाटतो, पण मार्गिट अंतर फार झटकन कापतो आणि त्या क्षणी अंगावर काहीच नसतं. रेच हा लेव्हल १ चा क्लास पहिल्या फेरीत घेऊ नका.

सुरुवातीची भेटवस्तू निवडताना गोल्डन सीड घ्या. पहिल्याच ग्रेसवर एक जादा फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरून काढणारा एक जादा घोट, होतो. चेहरा, केस यांवर हवा तेवढा वेळ घालवा, त्याने काही बिघडत नाही.

## टप्पा ३: पहिल्या दोन तासांचा क्रम

पुढचा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं दार उघडते.

१. सुरुवातीलाच एक राक्षस तुम्हाला मारतो. ते तसंच ठरलेलं आहे. त्यानंतर जागे झालात की खड्ड्याच्या कडेला एक भूत बसलेलं दिसेल. तिथे खाली उडी मारा. हीच शिकवणीची गुहा. ती टाळून गेलात तर गार्ड काउंटर (वार ढालीवर घेऊन लगेच उलट वार) म्हणजे काय हे पुढे रक्त सांडून शिकावं लागतं.

२. बाहेर आलात की रस्त्यावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. तो ट्री सेंटिनल. त्याच्याशी आत्ता लढायचं नाही. झाडांच्या आडून लांबून वळसा घ्या.

३. चर्च ऑफ एलेहमध्ये काले नावाचा व्यापारी बसतो. त्याच्याकडून ३०० रून्सला (शत्रू मारून मिळणारं गेमचं चलन, लेव्हलही यानेच वाढते) क्राफ्टिंग किट घ्या. तिथली ऐरण लक्षात ठेवा.

४. रस्त्याने उत्तरेला गेटफ्रंटच्या छावणीपर्यंत जा. वाकून, गवतातून, एकेका सैनिकाला मागून गाठा. गेटफ्रंटच्या ग्रेसवर बसलात की मेलिना येते. तिच्याशी करार केला की लेव्हल वाढवता येते आणि टॉरेंट हा घोडा मिळतो. छावणीजवळच्या दगडी खांबापाशी लिमग्रेव्हचा नकाशा आहे. अवशेषांच्या तळघरातल्या पेटीत व्हेटस्टोन नाइफ आहे. ती घेतल्याशिवाय हत्याराचं कौशल्य बदलता येत नाही.

५. आता मागे फिरा आणि चर्च ऑफ एलेहला परत जा. ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. टॉरेंट मिळाल्यावर तिथे भिंतीवर बसलेली रेना भेटते आणि आत्मे बोलावण्याची घंटा व लोन वुल्फ अ‍ॅशेस देते. म्हणजे तीन लांडगे तुमच्या बाजूने लढतात. मार्गिटशी एकट्याने लढणं आणि लांडग्यांसह लढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासा: घोडा, नकाशा, व्हेटस्टोन नाइफ, घंटा. चारही नसतील तर पुढे जाऊ नका. रेना सुटली असेल तर घंटा आणि लांडगे नंतर राउंडटेबल होल्ड नावाच्या तळावरच्या जुळ्या दासींकडे विकत मिळतात.

सावध: अघील तलावाजवळच्या जळक्या अवशेषांच्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर येतो आणि तुम्ही थेट केलिड या कितीतरी कठीण प्रदेशातल्या स्फटिकांच्या खाणीत जाऊन पडता. तिथले शत्रू तुम्हाला एका फटक्यात मारतात. पडलातच तर कुणाशीही न लढता पळत बाहेर निघा, बाहेरचा ग्रेस गाठा आणि नकाशावरून परत या. अनेकांना वाटतं, गेम हाच आणि एवढाच.

## टप्पा ४: हत्यार +३ करा

लेव्हल वाढवली की मार बसेल, हा समज सुरुवातीला खरा नाही. या काळात स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी दोन-चारने वाढवून जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक हत्यार एकेक पायरी वर नेल्याने पडतो. म्हणून रून्स जमवत बसण्याआधी दगड जमवा.

अघील तलावाच्या उत्तर काठाला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण आहे. नकाशावर अशा खाणींच्या जागी काळसर गोल दिसतो. आतल्या भिंतींवर चमकणारे दगड असतात, ते स्मिथिंग स्टोन १. कामगार भिंतीला कुदळ मारत असतात आणि पाठ तुमच्याकडे असते. मागून या. तळावर एक दांडगा ट्रोल बॉस आहे. त्याच्या पायांत घुटमळत वार करा आणि पाय उचलला की बाजूला व्हा.

एक हत्यार +१ करायला २, +२ ला ४, +३ ला ६ असे एकूण १२ दगड लागतात. चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर +३ पर्यंतच जाता येतं. त्यापुढे राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यूग लागतो.

सावध: दगड दोन-तीन हत्यारांत वाटू नका. "दोन्ही ठेवतो, कधी कुठलं लागेल" म्हणणाऱ्याची दोन्ही हत्यारं +१ वर अडकतात. एक निवडा आणि मार्गिटपर्यंत तेच वापरा.

## टप्पा ५: फ्लास्क वाढवा

फ्लास्कच्या दोन गोष्टी वाढतात. गोल्डन सीडने त्यांची संख्या वाढते, सेक्रेड टियरने प्रत्येक घोटाची ताकद. सीड सोनेरी चमकणाऱ्या छोट्या रोपांखाली मिळतात. लांबूनही दिसतात, म्हणून घोड्यावरून जाताना नजर ठेवा.

सेक्रेड टियर चर्चमध्ये मिळतात आणि इथेच वीपिंग पेनिन्सुला कामाला येतो. लिमग्रेव्हच्या पूर्वेला थर्ड चर्च ऑफ मारिका आहे. तिथे एक टियर आणि फ्लास्क ऑफ वंड्रस फिजिक दोन्ही मिळतात. मग ब्रिज ऑफ सॅक्रिफाइस ओलांडून दक्षिणेला उतरा. चर्च ऑफ पिलग्रिमेज, कॅलू बॅप्टिझमल चर्च आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका या तिन्ही ठिकाणी एकेक टियर आहे. घोडा पळवत गेलात तर वाटेत कुणाशीही लढावं लागत नाही. खालच्या टोकाचा कॅसल मॉर्न आत्ता केला नाही तरी चालेल, पण त्या भागात फिरता फिरता लेव्हल आपोआप वाढतात आणि ते मला कुठल्याही फार्मिंगपेक्षा, म्हणजे तेच शत्रू पुन्हा पुन्हा मारून रून्स जमवण्यापेक्षा, बरं वाटतं. हात तयार होतो.

जादू वापरत नसाल तर ग्रेसवर बसून जवळजवळ सगळे घोट हेल्थ भरणाऱ्या लाल फ्लास्ककडे वळवा. लांडगे बोलवायला ५५ एफपी (जादूसाठीची शक्ती, निळी पट्टी) लागतात आणि ग्रेसवरून उठताना एफपी भरलेलाच असतो.

सावध: थर्ड चर्च ऑफ मारिकाच्या मागे झुडपात एक प्रकाशाचं द्वार आहे. ते केलिडच्या वरच्या टोकाला नेऊन सोडतं. आत्ता शिरू नका.

## टप्पा ६: रून्स कशावर घालायचे

विगर, म्हणजे हेल्थ वाढवणारा गुण. नव्या खेळाडूने विगर विशीच्या पुढे नेल्याशिवाय दुसरीकडे पाहू नये. त्यात हत्याराची किमान अट पूर्ण होण्यापुरते स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटी घाला. मार्गिटचे दोन वार खाऊन तिसऱ्याआधी फ्लास्क पिता आला, तर त्याच्या चाली शिकायला मिळतात. एकाच वारात मेलात तर शिकणार काय? विगरचा खरा फायदा ४० पर्यंत भरभरून मिळतो, त्यानंतर हळूहळू कमी होत जातो. म्हणजे इथे घातलेला एकही पॉइंट पुढे वाया जात नाही. मार्गिटसाठी एकंदर लेव्हल २० ते २५ पुरते.

मेलात की हातातले रून्स त्या जागी पडतात, आणि उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. पण गोल्डन रून नावाची वस्तू बॅगेत असते, ती पडत नाही. म्हणून त्या मिळाल्या की लगेच फोडू नका. ग्रेसवर बसून लेव्हलला नेमके जेवढे कमी पडतात तेवढ्याच फोडा.

## टप्पा ७: वजन आणि रोल

इक्विपमेंट स्क्रीनवर वजनाचा आकडा असतो. ३० टक्क्यांच्या आत हलका रोल, ७० पर्यंत मध्यम, त्यापुढे जड रोल. जड रोलमध्ये पात्र धप्पकन पडतं आणि उठायला वेळ लावतं. व्हॅगाबॉन्ड मुळातच बऱ्यापैकी लादलेला असतो. त्यात वाटेत मिळालेलं भारी शिरस्त्राण घातलं की तो ७० ओलांडतो आणि खेळणाऱ्याला पत्ताच नसतो. दिसायला साधं चिलखत घाला, पण मध्यम रोल सोडू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी फार कमी जणांच्या लक्षात येते. रोलचं बटण आणि पळण्याचं बटण एकच आहे. त्यामुळे बटण दाबल्यावर गेम थांबून पाहतो, तुम्ही धरून ठेवताय की सोडताय. रोल होतो तो बटण सोडल्यावर. घाबरून घट्ट दाबून धरलंत तर रोल उशिरा पडतो आणि तुम्ही म्हणता, "मी तर दाबलं होतं!" टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा.

याचा सराव गेटफ्रंटच्या छावणीतल्या चिलखती नाइटसमोर करा. बाकीचे सैनिक आधी संपवा, मग त्याच्यासमोर पाच मिनिटं एकही वार न करता फक्त त्याचे वार चुकवा. कंटाळवाणं आहे. पण मार्गिटसमोर लागणारी निम्मी गोष्ट इथेच हाताला लागते.

तपासा: हत्यार +३, विगर २० च्या वर, मध्यम रोल, निदान तीन सेक्रेड टियर, लांडगे. एवढं झालं की किल्ल्याकडे निघा.

## टप्पा ८: फॉग गेटपाशी

कॅसलवर्ड टनेलचा ग्रेस पुलाच्या अगदी जवळ आहे. त्यावर बसा, उरलेले सगळे रून्स खर्च करा आणि मगच निघा. फॉग गेटच्या, म्हणजे बॉसकडे नेणाऱ्या धुक्याच्या दाराच्या, अलीकडे जमिनीवर सोनेरी खूण दिसेल, ती रोजिए या जादूगाराची. त्याला बोलावलंत तरी लांडगे बोलावता येतात.

आणखी एक मदत विकत मिळते. मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेस नावाचा भामटा आहे. त्याच्याशी लढा, पण अर्धी हेल्थ गेल्यावर तो शरण येतो, तेव्हा हात आवरा. मारलात तर त्याचं दुकान गेलं. माफ केलंत तर तो पुढे ५००० रून्सला मार्गिट्स शॅकल विकतो. ती वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला जखडला जातो. लढाईच्या पहिल्या भागात दोनदाच चालते.

## टप्पा ९: लढाई

आत शिरल्या शिरल्या लांडगे बोलवा. मार्गिट चालत तुमच्याकडे येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो. आधी वार करायला धावलात तर नंतर बोलावताना तो मध्येच मारतो.

मार्गिट कठीण का, तर तो वार उगारतो आणि थांबतो. काठी डोक्यावर नेतो, तुमचा अंगठा आपोआप रोल दाबतो, तुम्ही लोळून उठता आणि मग काठी खाली येते. स्लोअर बॉलवर आधीच बॅट फिरवणाऱ्याची जी गत होते तीच. म्हणून त्याच्या हाताची उचल बघू नका. हात खाली यायला लागला की रोल करा. पहिले काही डाव जिंकायचे नाहीत असं ठरवूनच जा आणि फक्त उगारणं व खाली येणं यांमधलं अंतर डोळ्यांत भरून घ्या.

रोल मागे करायचा नाही. मागे गेलात की काठीच्या टोकाच्या टप्प्यात राहता, शिवाय लांब गेल्यावर तो प्रकाशाचे सुरे फेकतो. त्याच्या अंगाकडे, जरा तिरका रोल करा. उठाल तेव्हा त्याच्या बगलेत असाल आणि वार करायला जागा असेल. पाठीमागे मात्र फार रेंगाळू नका, शेपूट फिरवतो.

वार किती करायचे? एक. मोठा वार जमिनीवर आपटून काठी तिथेच राहिली असेल तर दोन. तिसऱ्याचा मोह झाला की समजा, पुढचा मार तुम्हाला बसणार. हिरवी स्टॅमिनाची पट्टी एका रोलपुरती तरी शिल्लक राहायलाच हवी. ढाल असेल तर त्याच्या साध्या वारावर ढाल धरून लगेच जोराच्या वाराचं बटण दाबा. हाच गार्ड काउंटर. असे गार्ड काउंटर आणि उडी मारून केलेले जोराचे वार साचत गेले की तो गुडघ्यावर येतो. मग समोर जाऊन मोठा वार करता येतो.

फ्लास्क कधी प्यायचा, इथे सगळ्यात जास्त माणसं मरतात. लांब पळून प्यायला लागलात की तो नेमका सुरा फेकतो. मोठा आपटीचा वार संपल्यावर किंवा तो लांडग्यांकडे वळलेला असताना प्या. एक घोट पुरे. लागोपाठ दोन घेऊ नका.

हेल्थ निम्म्याच्या आसपास आली की त्याच्या हातात प्रकाशाचा हातोडा येतो. हवेत उंच उडतो आणि हातोड्यासकट खाली येतो. उडाला की पळत बाजूला व्हा. तो जमिनीवर आदळण्याच्या क्षणी रोल करा आणि लगेच जवळ जा, कारण ही त्याची सगळ्यात मोठी उघडी वेळ. घाई या भागात करायची नाही. "थोडीच राहिली" असं वाटून लागोपाठ वार करणारे याच ठिकाणी हरतात.

तपासा: सलग पाच-सहा डाव हरलात आणि त्याची हेल्थ निम्म्यावरही येत नसेल, तर अडचण हाताची नाही, तयारीची आहे. टप्पा ४ आणि ५ पुन्हा वाचा. निम्म्याखाली नेऊन हरत असाल तर तयारी झालेली आहे, त्या दिवशी बंद करा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी बसा.

आणि तो अजिबात नकोच असेल तर स्टॉर्महिलवरून, किल्ल्याच्या पूर्वेच्या कड्याकडेने लिउर्निया या पुढच्या प्रदेशात जाणारी वाट आहे. तिकडे फिरून, दहा लेव्हल वाढवून परत या. गेमला ते मंजूर आहे.

## टप्पा १०: जिंकल्यावर

१२,००० रून्स आणि टॅलिस्मन पाउच मिळतो, म्हणजे एक जादा ताईत घालता येतो. पुढे ग्रेस उगवतो. आधी त्यावर बसा आणि रून्स लेव्हलमध्ये घाला. इतकी रक्कम खिशात घेऊन किल्ल्यात शिरणारे पहिल्याच अंगणात ती घालवतात.

दरवाजापाशी लहानशा खोलीत गोस्टॉक नावाचा माणूस असतो. मुख्य फाटक उघडायला सांगू नका, कारण त्या बाजूला मोठे बाण सोडणारी यंत्रं लावलेली आहेत. बाजूच्या भगदाडातून कड्याकडेची वाट धरा. आत स्मिथिंग स्टोन २ सापडू लागतात. ते ह्यूगकडे नेऊन हत्यार +४ करा, आणि मगच किल्ल्याच्या शेवटी बसलेल्या गॉड्रिककडे जा.